आयआरमधून मशीन कोड काढायचाय? मग ब्लॉक खालून वर वाचायला घ्या

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वेर्ण्याच्या एका कंपनीत काम करणाऱ्या मित्राने लिहिलंय की त्यांच्याकडे मशीनवरच्या सेन्सरांची रीडिंग येत राहतात आणि इंजिनीअर लोक त्यावर आपापले फॉर्म्युले टाइप करतात, "या रीडिंगमध्ये पाच मिळवून शंभराच्या वर गेलं तर अलार्म" अशा धर्तीचे. फॉर्म्युला पार्स होऊन एका छोट्या एसएसए आयआरमध्ये (आयआर म्हणजे कंपायलरचं मधलं रूप, एसएसए म्हणजे त्यात प्रत्येक नावाला व्हॅल्यू एकदाच मिळते) जातो, तिथपर्यंत सगळं ठीक. आधी त्यांनी एलएलव्हीएम, म्हणजे तयार मिळणारा मोठा कंपायलर-संच, लावला, कोड झकास निघायचा पण एकेका फॉर्म्युल्याला साधारण ४० मिलिसेकंद जायचे आणि फॉर्म्युले हजारोंनी. मग स्वतःचा बॅकएंड (आयआरचा मशीन कोड करणारा भाग) लिहिला: आयआरच्या प्रत्येक ओळीला असेंब्लीचा ठरलेला मजकूर, तो फाइलमध्ये, मग असेंब्लर चालवायचा, मग लोड करायचं. हा कोड एलएलव्हीएमच्या कोडपेक्षा चारपट हळू चालतो आणि कंपाइलसुद्धा म्हणावं तसं लवकर होत नाही. सर्व्हर एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर), काही ठिकाणी एआरएमचे ६४ बिट बोर्ड. विचारलंय की हे जलद करायला टाइलिंग, डॅग, बर्ग या इन्स्ट्रक्शन निवडायच्या पद्धतींतलं नेमकं काय शिकू, आणि एलएलव्हीएम पूर्णच काढून टाकू का. शेवटी 'देव बरें करूं' लिहिलंय, म्हणून आज फोंड्यात पाऊस धरून बसलाय तोवर नीट बसून उत्तर देतो. मी गेली पंधरा-एक वर्षं जेआयटीच्या (प्रोग्रॅम चालू असतानाच मशीन कोड बनवणाऱ्या कंपायलरच्या) बॅकएंडवरच काम करतोय, त्यामुळे जे लिहितोय ते हाताखालून गेलेलं आहे.

पहिली गोष्ट, तुमच्या प्रश्नात "जलद" हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी आलाय आणि तिथेच गुंता आहे. एक, मशीन कोड लवकर *तयार* व्हावा. दोन, तयार झालेला कोड लवकर *चालावा*. दोन्ही एकदम हवं असं सगळ्यांनाच वाटतं, पण किती प्रमाणात हवं हे फॉर्म्युला किती वेळा चालतो त्यावर आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. साधा हिशोब करा: कंपाइलला ४० मिलिसेकंद गेले आणि चांगल्या कोडमुळे दर वेळी १ मायक्रोसेकंद वाचला, तर ४०,००० वेळा चालेपर्यंत तुम्ही तोट्यात. सेन्सर सेकंदाला एकच रीडिंग देत असेल तर हे भरून निघायला अकरा तासांच्या वर जातील, आणि तोवर इंजिनीअरने फॉर्म्युला बदललेलाही असेल. उलट जुन्या साठवलेल्या एक कोटी रीडिंगवर तोच फॉर्म्युला फिरवायचा असेल तर ४० मिलिसेकंद कुठल्या कुठे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एलएलव्हीएमवरचं जेआयटी ११ व्या आवृत्तीत २०१८ मध्ये आलं, १२ व्या आवृत्तीत ते आपसूकच चालू असायला लागलं, पण तिथेही क्वेरीचा अंदाजी खर्च १,००,००० च्या वर गेला तरच ते कामाला लागतं, कारण हाच हिशोब. तेव्हा तुमच्या फॉर्म्युल्यांची आधी मोजणी करा, कुठला किती वेळा चालतो. हे केल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका.

दुसरी गोष्ट पटकन सांगून टाकतो कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. असेंब्लीचा मजकूर लिहून असेंब्लर बोलवणं बंद करा. पाच-सात ओळींच्या फॉर्म्युल्यासाठी नवी प्रोसेस सुरू करायची, फाइल लिहायची, ती परत वाचायची, त्यात अक्षरं तपासत बसायचं, यातच तुमचा बहुतेक वेळ जातोय, इन्स्ट्रक्शन निवडण्यात नाही. इन्स्ट्रक्शनचे बाइट थेट बफरमध्ये लिहा. एक्स८६ चं एन्कोडिंग किचकट आहे हे खरं, पण तुम्हाला लागणार वीस-पंचवीस इन्स्ट्रक्शन, तेवढ्यांची फंक्शनं एकदा लिहून ऑब्जडंपने (बाइटांची परत असेंब्ली करून दाखवणारं साधन) ताडून घेतली की विषय संपला. एआरएमवर तर प्रत्येक इन्स्ट्रक्शन बरोबर ४ बाइटची, तिथे आणखी सोपं.

आता मुख्य मुद्दा, कोड हळू का चालतो. तुमच्याच उदाहरणाचा आयआर असा काहीतरी असणार (पाया म्हणजे रीडिंगच्या ॲरेचा पत्ता, आय म्हणजे रीडिंगचा क्रमांक, लोड म्हणजे मेमरीतून वाचणं):

टी१ = आय गुणिले ८
टी२ = पाया अधिक टी१
टी३ = लोड टी२
टी४ = टी३ अधिक ५
टी५ = टी४ मोठा १०० पेक्षा
टी५ खरा तर अलार्मला उडी

तुमच्या पद्धतीने प्रत्येक ओळ स्टॅकवरून व्हॅल्यू उचलते, काहीतरी करते, परत स्टॅकवर ठेवते. मी कागदावर मोजलं: पहिल्या चार ओळींना तीन-तीन, तुलनेच्या ओळीला पाच (उचला, तुलना करा, फ्लॅगमधून, म्हणजे प्रोसेसर तुलनेचा निकाल ठेवतो त्या बिटांमधून, बाइट काढा, तो रुंद करा, ठेवा) आणि उडीला दोन, एकूण १९ इन्स्ट्रक्शन. माणसाने हाताने लिहिलं तर किती? चार. एक लोड, ज्याच्या पत्त्यातच पाया अधिक आय गुणिले ८ बसतं, मग पाच मिळवा, शंभराशी तुलना, मोठा असेल तर उडी. एआरएमवरही चारच, तिथल्या लोडलाही इंडेक्स तीन बिट सरकवून घेता येतो.

१९ वरून ४ वर यायचं म्हटलं की लोक लगेच पुस्तकातला मोठा अल्गोरिदम शोधायला धावतात. मला तुम्हाला जे सांगायचंय ते एवढंच की तुमच्या आकाराच्या कामाला तो लागत नाही. *ब्लॉक (मधे उडी नसलेल्या सलग ओळी) शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीकडे वाचत जा आणि गरज असेल तेवढाच कोड काढा*. निम्म्याहून जास्त फायदा या एका बदलाने मिळतो.

का ते बघा. वरून खाली येताना टी१ दिसतो तेव्हा तो पुढे कुणाला कशासाठी हवाय हे माहीत नसतं, म्हणून बिचारा कंपायलर तो रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या जागांपैकी एकीत) नाहीतर स्टॅकवर तयार करून ठेवतो. चवथीचा बाजार करायला म्हापशाला गेलात आणि दिसेल ते पिशवीत भरत सुटलात तर जे होईल तेच. आपण घरी आधी ठरवतो, नेवऱ्या किती, पातोळ्या करायच्या का, आणि मग यादी होते. खालून वर चालणं म्हणजे आधी यादी करणं.

वरच्या उदाहरणात हे हातानेच करून बघू. सगळ्यात खाली उडी. तिला टी५ हवा. टी५ ही तुलना आहे, याच ब्लॉकमधली आहे, आणि तिचा वापर फक्त इथेच आहे, म्हणजे ती खरा-खोटा असा आकडा म्हणून तयार करायची गरजच नाही, तुलना आणि उडी जोडूनच काढायची. त्या तुलनेला हवा टी४ रजिस्टरमध्ये, १०० थेट इन्स्ट्रक्शनमध्येच बसतो. एक ओळ वर, टी५: कुणी मागितलेला नाही, सोडा. टी४: मागितलाय, बेरीज काढा, ५ थेट बसतो, टी३ मागवा. टी३: लोड. पत्ता टी२, ती बेरीज आहे, तिच्या एका बाजूला आठने गुणाकार आहे, हे सगळं लोडच्या पत्त्यात मावतंय, तर मागणी फक्त पाया आणि आय यांची. टी२, टी१: कुणीच मागितलं नाही, सोडा. झालं, चार इन्स्ट्रक्शन. आणि लक्षात घ्या की मेलेला कोड काढून टाकायचा वेगळा पासही यात फुकटात झाला, कारण ज्याला मागणी नाही त्याचा कोड निघतच नाही (स्टोअर म्हणजे मेमरीत लिहिणं, कॉल, उड्या सोडून, त्यांना मागणी नसली तरी काढावंच लागतं).

ही माझी शोधून काढलेली युक्ती नाही. लुआ भाषेचा जेआयटी लुआजिट आपल्या ट्रेसचा (चालताना टिपलेल्या सरळ ओळींचा) मशीन कोड मुळातच उलटा लिहितो, शेवटच्या इन्स्ट्रक्शनपासून पहिलीकडे, बफरच्या शेपटाकडून डोक्याकडे, आणि रजिस्टर वाटपही त्याच फेरीत उरकतो. वेबअसेम्ब्ली चालवणाऱ्या वासमटाइमच्या खाली असलेला क्रेनलिफ्ट हा कंपायलरही आयआर उतरवताना खालून वरच चालतो. दोन्ही ठिकाणी कंपाइलचा वेळ जिवावर बेतणारा असतो, तरी त्यांनी हेच निवडलंय.

तयारी एवढीच लागते की आधी एकदा आयआरवरून फिरून प्रत्येक व्हॅल्यूचे वापर मोजून ठेवायचे: शून्य, एक, की जास्त. मग नियम ठरवायचे. वापर एकच असेल तर ती व्हॅल्यू वापरणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या पोटात घ्यायला, म्हणजे वेगळी न काढता तिच्यातच बसवायला, हरकत नाही. वापर जास्त असतील तर ते काय आहे बघायचं: पत्त्याची बेरीज दोन ठिकाणी पोटात घेतली तरी चालते, ती परत करणं स्वस्त आहे. लोड मात्र दोनदा करायचा नाही, कधीच नाही. दोन लोडच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडने मेमरी बदलली तर एकाच व्हॅल्यूची दोन रूपं तुमच्या प्रोग्रॅममध्ये फिरायला लागतील.

लोडबद्दल आणखी एक, कारण एक्स८६ वर मोह होतोच, तिथे बेरजेला किंवा तुलनेला एक ऑपरंड थेट मेमरीतून देता येतो. लोड पोटात घेतला म्हणजे तो मूळ जागेवरून खाली सरकला. मधल्या ओळींत एखादा स्टोअर किंवा कॉल असेल तर त्याला ओलांडून सरकला, आणि आता चुकीची व्हॅल्यू वाचतोय. मी यासाठी प्रत्येक ओळीला एक मेमरी क्रमांक देतो, प्रत्येक स्टोअर नाहीतर कॉलनंतर तो एकने वाढतो, आणि लोड व त्याचा वापर करणारी ओळ यांचा क्रमांक एकच असेल तरच पोटात घ्यायचं. पूर्णांकांच्या एका ॲरेएवढाच खर्च आहे. एआरएमवर गणिताच्या इन्स्ट्रक्शनना मेमरी ऑपरंड नसतोच, तिथे हा प्रश्न मिटला.

फ्लॅगचं मात्र सविस्तर सांगतो, कारण यात माझे तीन दिवस गेलेत आणि तुमचे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. बऱ्याच वर्षांपूर्वीचा, वरून खाली कोड काढणारा बॅकएंड होता. तक्रार अशी आली की एका नियमात मोजणी कधी वाढतच नाही. मी तोच नियम लिहून बघितला तर व्यवस्थित चालला. दोन दिवस डेटा तपासला, लोड तपासले, काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर दोन्ही नियम शेजारी शेजारी ठेवून बघत होतो, आणि दिसलं की त्यांच्या नियमात मोजणी शून्यापासून सुरू होते आणि मी सवयीने एक लिहिला होता. एक दिला की बरोबर, शून्य दिला की चूक. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या ब्लॉकला लागणारा स्थिर आकडा रजिस्टरमध्ये भरायची ओळ आम्ही ब्लॉकच्या अगदी शेवटी, म्हणजे तुलना आणि उडी यांच्या मधे टाकत होतो. आकडा एक असेल तर साधा मूव्ह निघायचा, तो फ्लॅगला हात लावत नाही. आकडा शून्य असेल तर एन्कोडरमधली "हुशार" ओळ मूव्हऐवजी रजिस्टरचा स्वतःशीच झॉर काढायची, कारण तो आखूड पडतो, आणि झॉर फ्लॅग बदलतो, शून्याचा फ्लॅग लावतो. तुलनेचा निकाल पुसला गेला, "मोठा असेल तर" ही उडी कधीच होणार नाही अशी व्यवस्था झाली. एन्कोडर आपल्या जागी बरोबर, ब्लॉकचा शेवट आपल्या जागी बरोबर, दोघं मिळून चूक.

तेव्हापासून मी फ्लॅगला एक रजिस्टरच धरतो. खालून वर चालताना उडी दिसली की "फ्लॅग जिवंत" असा एक बिट लावायचा, तुलना निघाली की काढायचा, आणि बिट लागलेला असताना फक्त फ्लॅगला न दुखावणाऱ्या इन्स्ट्रक्शन काढायच्या: मूव्ह, एलईए (पत्त्याचं गणित करणारी, पण मेमरी न वाचणारी) वगैरे. बेरीज, वजाबाकी, अँड, झॉर यातलं काही नाही. एआरएमवर साधी बेरीज फ्लॅग बदलत नाही, बदलायचे असतील तर वेगळी इन्स्ट्रक्शन आहे, म्हणून तिथे हा त्रास कमी.

एक मोह टाळा: "टी४ मोठा १०० पेक्षा" चं "टी३ मोठा ९५ पेक्षा" करून बेरीज वाचवावी असं कुणीतरी सुचवेलच. बेरीज ओव्हरफ्लो होऊन (रजिस्टरमध्ये न मावून) फिरून उणे बाजूला येत असेल तर ही दोन्ही वाक्यं सारखी नाहीत. असली गणितं वर ऑप्टिमायझरमध्ये, पुरावा हातात असेल तेव्हाच करावीत, इन्स्ट्रक्शन निवडताना नाही.

आता रजिस्टर. खरं सांगायचं तर तुमच्या चारपट हळूपणाचा मोठा भाग इथे आहे, स्टॅकवरच्या सततच्या ये-जा मध्ये. एक्स८६-६४ वर १६ सर्वसाधारण रजिस्टर, त्यातला एक स्टॅक पॉइंटर, एक तात्पुरत्या कामाला बाजूला ठेवा, उरले १४. एआरएम ६४ वर ३१. तुमच्या फॉर्म्युल्यात एका वेळी १४ व्हॅल्यू जिवंत असतील का? बहुतेकांत नसतील. सरळ ब्लॉक खालून वर वाचताना वाटप अगदी सोपं होतं: व्हॅल्यू पहिल्यांदा दिसते ती तिच्या *शेवटच्या* वापराशी, तिथे तिला रजिस्टर द्यायचं, आणि ती जिथे तयार होते त्या ओळीशी पोचलो की ते मोकळं. जिवंतपणाचं वेगळं विश्लेषण लागत नाही. रजिस्टर संपले तर जिची पुढची गरज वरच्या दिशेने सगळ्यात लांब आहे तिला स्टॅकवर पाठवा, आणि स्थिर आकड्यांना कधीच पाठवू नका, ते हवे तेव्हा परत बनवता येतात.

एक्स८६ च्या काही खोडी सांभाळायच्या. बेरीज दोनच ऑपरंडची, एकाचा बळी जातो, म्हणून निकालाला जे रजिस्टर दिलंय तेच ज्या ऑपरंडचा हा शेवटचा वापर आहे त्याला द्या, मधला मूव्ह वाचतो. दोन्ही पुढे हवे असतील तर एलईए काढा, तिसऱ्या रजिस्टरमध्ये बेरीज होते आणि फ्लॅगही शाबूत. भागाकार आरएएक्स आणि आरडीएक्स ही दोन्ही रजिस्टर अडवतो, शिफ्टचा आकडा स्थिर नसेल तर तो सहसा सीएल या रजिस्टरमध्ये लागतो. भागाकाराला येण्याआधी आरडीएक्समध्ये कोण बसलंय हे न बघणं ही प्रत्येक नव्या बॅकएंडमधली ठरलेली चूक आहे.

लूप असेल तर हे एवढं पुरत नाही, लूपमधून फिरणाऱ्या व्हॅल्यूला संपूर्ण लूपभर एकच रजिस्टर मिळालं पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेरीच्या शेवटी अदलाबदल. तिथे लिनिअर स्कॅन वापरा. पोलेट्टो आणि सरकार यांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत, प्रत्येक व्हॅल्यूचा जगण्याचा पट्टा काढायचा, सुरुवातीनुसार लावायचे, एका फेरीत वाटप. त्याआधी चैतिन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये ग्राफ रंगवून वाटपाची पद्धत बसवली, तिचा निकाल सरस असतो पण ग्राफ बांधायचा वेळ जेआयटीला सहसा परवडत नाही. आणि ब्लॉकच्या सीमेवर फायच्या (कुठल्या वाटेने आलो त्यानुसार व्हॅल्यू निवडणाऱ्या एसएसए ओळीच्या) मूव्ह काढताना त्या सगळ्या *एकाच वेळी* होतात असं धरूनच काढा. अ मध्ये ब आणि ब मध्ये अ जाणार असेल तर ओळीने दोन मूव्ह काढल्यात की एक व्हॅल्यू कायमची गेली. तात्पुरतं रजिस्टर बाजूला ठेवा म्हटलं ते याचसाठी.

मग टाइलिंग आणि बर्ग शिकायचंच नाही का? शिका जरूर, पण समजून घ्यायला. कल्पना अशी की आयआर हे झाड आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शन म्हणजे फरशीचा एक आकार, झाड कमीत कमी खर्चात झाकायचं. सगळ्यात मोठी बसेल ती फरशी लावत जाणं म्हणजे मॅक्सिमल मंच, आणि वर मी जे खालून वर केलं ते जवळपास तेच आहे. झाडासाठी डायनॅमिक प्रोग्रॅमिंगने हमखास उत्तम झाकण मिळतं, आणि १९९२ मध्ये आलेलं बर्ग हे साधन त्याचे तक्तेच आधी तयार करून देतं, त्यामुळे चालताना फार वेगवान. पण एकच व्हॅल्यू दोघं वापरायला लागले की झाडाचा डॅग (फांद्या परत एकत्र येणारा, पण चक्र नसलेला ग्राफ) होतो आणि तिथे उत्तम झाकण शोधणं एनपी-कम्प्लीट आहे (कुणालाच झटपट रीत माहीत नाही), म्हणून एलएलव्हीएममधला इन्स्ट्रक्शन निवडणारा सिलेक्शनडॅगसुद्धा अंदाजानेच चालतो. तुमच्याकडे पंचवीस इन्स्ट्रक्शन आहेत. त्यासाठी हाताने लिहिलेला एक स्विच आणि पाच-सहा जुळण्यांचे नियम वाचायलाही सोपे आणि दुरुस्त करायलाही. शंभरावर नियम झाले, दोनाचे चार प्रोसेसर झाले, की मग नियम एका तक्त्यात लिहून त्यातून कोड तयार करणारं साधन करा.

अजून एक वाट आहे, तुम्ही तिचा उल्लेख केला नाही म्हणून सांगतो. कॉपी अँड पॅच. हाओरान शू आणि फ्रेडरिक किओल्स्टाड यांनी २०२१ मध्ये मांडली, २०२४ मधल्या पायथन ३.१३ च्या प्रायोगिक जेआयटीत हीच आहे. देवळातली पावती कशी असते, मजकूर छापलेला, नाव, रक्कम, तारीख एवढ्याच जागा मोकळ्या, पुजारी प्रत्येक भक्तासाठी पूर्ण पावती लिहीत बसत नाही. तसंच इथे: प्रत्येक ऑपरेशनचा छोटा तुकडा सी मध्ये लिहून क्लँग या सी कंपायलरकडून चांगला कंपाइल करून ठेवायचा, ज्यात आकडे आणि पत्ते यांच्या जागा मोकळ्या, आणि चालताना नुसतं मेमरीत कॉपी करून त्या जागा भरायच्या. एन्कोडिंगचं काही शिकावं लागत नाही आणि कंपाइल अफाट वेगाने होतं. फक्त जे तुकडे आधी छापून ठेवलेत तेवढेच मिळतात. "लोड, बेरीज, तुलना, उडी" एकत्र असा तुकडा हवा असेल तर तोही आधीच छापावा लागतो. तुमच्या टीममध्ये असेंब्ली वाचणारं दुसरं कुणीच नसेल तर मी हीच वाट सुचवेन.

कंपायलरच्या स्वतःच्या वेगाबद्दल थोडंसं. आयआरच्या ओळी पॉइंटरने जोडलेल्या ऑब्जेक्टमध्ये ठेवू नका, एका सलग ॲरेमध्ये ठेवा आणि ऑपरंड म्हणजे त्या ॲरेतला क्रमांक. लुआजिटमध्ये आयआरची एक ओळ फक्त ८ बाइटची आहे, म्हणजे ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये आठ ओळी. प्रत्येक ओळीला मॅलॉक (मेमरीची वेगळी मागणी) नाही, एक मोठा तुकडा घ्यायचा आणि फॉर्म्युला संपला की एकदम मोकळा. व्हॅल्यूची माहिती हॅशमॅपमध्ये न ठेवता त्याच क्रमांकाच्या ॲरेमध्ये. हे एवढं केलं की नंतर पर्फमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) कंपाइलचा वेळ शोधावा लागतो.

एआरएम बोर्डासाठी दोन इशारे. स्थिर आकडे: बेरजेत १२ बिटच बसतात (वाटल्यास १२ ने सरकवून), पूर्ण ६४ बिटांचा आकडा बनवायला चार इन्स्ट्रक्शनपर्यंत जाऊ शकतात, तेव्हा "आकडा थेट बसतो का" हा प्रश्न प्रत्येक प्रोसेसरला वेगळा विचारणारं फंक्शन ठेवा. एक्स८६ वर बहुतेक इन्स्ट्रक्शनमध्ये ३२ बिट चिन्हासकट बसतात, पूर्ण ६४ फक्त मूव्हमध्ये. पत्त्यातही फरक आहे, एक्स८६ वर इंडेक्सला १, २, ४, ८ काहीही चालतं, एआरएमवर १ नाहीतर लोडच्या रुंदीएवढंच. दुसरा इशारा जास्त महत्त्वाचा: कोड लिहून झाल्यावर इन्स्ट्रक्शन कॅश (प्रोसेसर कोडची प्रत जवळ ठेवतो ती जागा) साफ करावी लागते, जीसीसी आणि क्लँग दोन्हीत त्यासाठी तयार बिल्टइन आहे. एक्स८६ वर हार्डवेअर सांभाळून घेतं म्हणून तिथे विसरलेलं कळत नाही. मग बोर्डावर तोच बफर दुसऱ्या फॉर्म्युल्याला वापरलात की कधीतरी *जुन्या* फॉर्म्युल्याचं उत्तर येतं, क्रॅश नाही, एरर नाही. आणि मेमरी लिहिण्याजोगी व चालवण्याजोगी एकाच वेळी ठेवायची नसते, ते बदलायला सिस्टिम कॉल लागतो, म्हणून एकेका फॉर्म्युल्यासाठी परवानगी न बदलता शंभर-दोनशे फॉर्म्युले एका बफरमध्ये काढून एकदाच बदला.

हे सगळं बदलण्याच्या *आधी* मात्र आयआरचा एक साधा, हळू, डोळे झाकून विश्वास ठेवता येईल असा इंटरप्रिटर लिहा. मग यादृच्छिक आयआर तयार करणारा प्रोग्रॅम, आणि दोघांची उत्तरं जुळतात का ते रात्रभर चालू ठेवा. आकडे निवडताना शून्य, एक, उणे एक, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान पूर्णांक मुद्दाम जास्त वेळा येऊ द्या. माझ्या त्या झॉरच्या बगला असा प्रोग्रॅम पहिल्या मिनिटात धरता, पण तेव्हा तो नव्हता.

राहिला एलएलव्हीएम. काढून टाकू नका. नवा फॉर्म्युला आला की तुमच्या बॅकएंडने लगेच चालू करा, प्रत्येक फॉर्म्युल्याला एक मोजणी लावा, आणि ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की मागच्या थ्रेडमध्ये एलएलव्हीएमकडे द्या. तो तयार झाला की फंक्शनचा पॉइंटर ॲटॉमिक पद्धतीने (मधे कुणाला अर्धवट दिसणार नाही असा एका झटक्यात) बदलायचा. ठरलेला आकडा किती, ते वरच्या ४० मिलिसेकंदांच्या हिशोबातून तुमच्याच मशीनवर निघेल. एवढंच सांभाळा की पॉइंटर बदलला म्हणून जुना कोड लगेच मोकळा करायचा नाही, एखादा थ्रेड त्याच क्षणी त्याच्या आत असू शकतो. सगळे थ्रेड एकदा फॉर्म्युल्याच्या बाहेर येऊन गेले हे कळेपर्यंत ती मेमरी तशीच राहू द्या.